आईचं श्राद्ध आणि पुरोहित काकू: सविस्तर अनुभव

गेल्या पितृपक्षात मी माझ्या आईचं श्राद्ध स्वतः पाटावर बसून केलं. सांगायला स्त्री पुरोहित बोलावल्या होत्या. सोसायटीतल्या दोघी-तिघींनी आणि माहेरच्या नात्यातल्या काही जणींनी तेव्हापासून विचारून ठेवलंय की नेमकं कसं झालं, खर्च किती आला, घरातल्यांनी काय म्हटलं. प्रत्येकीला फोनवर थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. काकू घरूनच हे काम करतात, त्यामुळे त्यांचं नाव न विचारता लिहिणं मला बरं वाटत नाही. ज्यांना हवं असेल त्यांना त्यांच्या परवानगीने नंबर देईन.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबा आधी गेले, त्यांचे दिवस चुलतभावाने केले. आई गेल्यावर वर्षश्राद्धाला जे गुरुजी आले त्यांनी जावयाने बसावं असं सांगितलं. नवरा बसला, मनापासून बसला, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी पहाटेपासून स्वयंपाकघरात होते. मध्ये बाहेरून आवाज आला, "सासूबाईंचं गोत्र काय?" त्याला आठवेना. मी कढईतले वडे उलटता उलटता तिथूनच ओरडून सांगितलं. माझ्या आईच्या श्राद्धात माझा आवाज तेवढा एकदाच लागला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, कढी, भोपळा, कारलं, गवार, भेंडी असा सगळा स्वयंपाक माझ्या हातचा होता, आणि पानावर तूप वाढेपर्यंत मी आईसाठी डोळे मिटून एक मिनिटही बसले नव्हते. गुरुजी जेवताना म्हणाले, स्वयंपाक उत्तम झालाय. ते ऐकून मला जे वाटलं ते तेव्हा कुणाला सांगता आलं नाही.

माझं देवाधर्माशी नातं सरळ कधीच नव्हतं. कॉलेजात असताना मी उपास, व्रतं सगळं सोडलं होतं. आईला ते आवडत नसे, पण तिने कधी आग्रह केला नाही. सावित्रीबाईंनी 1890 साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, हातात धरलं आणि अग्नी दिला, हे मी तेव्हा वादस्पर्धेत ठासून सांगायचे आणि माझ्या लेखी धर्माचा विषय तिथे संपायचा. पुढे लग्न, नोकरी, आणि धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली. तो निर्णय माझा होता, विचार करून घेतलेला होता, आणि आजही मला तो पटतो. पण घरी राहणाऱ्या बाईकडे घराबरोबर देवघरही येतं. सासूबाईंचे गुडघे धरले तसं बोडण, नवरात्र, महालक्ष्म्या, पक्ष, सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी ते त्यांच्या समाधानासाठी करत होते. मग कधीतरी गौरींच्या खड्यांना हळदकुंकू वाहताना मला खरोखरच भरून यायला लागलं. जुन्या मैत्रिणींना मी बदलले असं वाटलं, आणि काहींनी तसं बोलूनही दाखवलं. मला मात्र दोन्ही हवं होतं, कॉलेजातला तो प्रश्नही आणि हे भरून येणंही. घरातला सगळा धर्म माझ्या हातांवर चाललेला, सोवळ्याचं पाणी मी भरायचं, नैवेद्य मी दाखवायचा, आणि पूजेला बसायची वेळ आली की "यजमानांच्या हाताला हात लावा." दर सत्यनारायणाला मी नवऱ्याच्या कोपराला दोन बोटं लावून बसते. श्राद्धाला तर तेवढंही नाही.

त्यामुळे ही सेवा मी कुठल्या अपेक्षेने घेतली हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. फक्त कमी वेळात, स्वच्छ उच्चारात श्राद्ध उरकायचं असेल तर चांगले गुरुजी भरपूर आहेत.

बायकांनी पौरोहित्य करणं महाराष्ट्रात नवं नाही. राहात्याजवळ साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान हा आश्रम काढला, तिथे त्यांच्या शिष्या गोदावरीमातांच्या काळापासून बायका वेदमंत्र म्हणत यज्ञ करत आल्या आहेत. पुण्यात शंकरराव थत्ते, म्हणजे थत्तेमामा, यांनी सत्तरच्या दशकात गृहिणींना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. पुण्यातल्याच ज्ञान प्रबोधिनी या संस्थेत तर स्त्री-पुरुष, जात असा भेद न करता हे शिक्षण दिलं जातं. आमच्या काकू अशाच एका वर्गात शिकलेल्या. मुलं मोठी झाल्यावर, पन्नाशीच्या जवळ असताना त्यांनी सुरुवात केली. त्याआधी त्याही माझ्यासारख्या घरीच होत्या.

नोंदणी फोनवर झाली. पितृपक्षाच्या तारखा लवकर भरतात, गणपतीच्या आधीच फोन करा. तिथी, गोत्र, नावं विचारून झाल्यावर काकूंनी विचारलं, "बसणार कोण?" मी म्हटलं, मी. पुढचा प्रश्न असा की तो मला कुणीच कधी विचारला नव्हता, "मग स्वयंपाक कोण करणार?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, "ते आधी ठरवा. जी बसते तिने त्या दिवशी गॅसपाशी जायचं नाही. निम्मं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असलं की तर्पण होत नाही. मी पंचवीस घरांत हे पाहिलंय, मुलगी हौसेने बसते आणि मध्येच उठून डाळ बघून येते." मग त्यांनी नवऱ्याला फोन द्यायला सांगितला. त्याच्याशी त्या दहाएक मिनिटं बोलल्या. काय काय करता येईल, काय बाहेरून आणता येईल, खीर आदल्या दिवशी का नको, वडे कुठल्या पिठाचे, हे सगळं त्याला समजावलं. मला या सेवेबद्दल एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी हा फोन सांगेन.

कारण मंत्र म्हणायचा हक्क मिळाला आणि स्वयंपाकघर होतं तिथेच राहिलं, तर बाईच्या वाट्याला एक काम वाढतं. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. श्राद्धाच्या दिवशी आमच्यासारख्या घरांत हा फरक किती होत असेल ते मोजायची गरज नाही, तुम्हाला माहीत आहे. पूजेला बसायची समानता मागणाऱ्या लेखांत हा स्वयंपाकाचा प्रश्न मला क्वचित दिसतो. तो एका पुरोहित बाईने विचारला, कारण ती स्वतः त्या स्वयंपाकघरातून बाहेर आलेली आहे.

आमच्याकडे शेवटी असं ठरलं: खीर, कढी आणि भात नवऱ्याने केला, वडे आणि भाज्या शेजारच्या इमारतीतल्या डबेवाल्या ताईंकडून, कांदा-लसूण नको असं सांगून. चटणी सासूबाईंनी खुर्चीवर बसून मिक्सरला वाटली. लेकीने पानं पुसली, केर काढला. कढी जरा पातळ झाली होती. माझ्या मनात ती चूल सतत येत होती, हेही खरं आहे. सवय अंगात मुरलेली असते. दोनदा माझी मान स्वयंपाकघराकडे वळली, आणि काकूंनी दोन्ही वेळा थांबून माझं लक्ष परत ताम्हणाकडे येईपर्यंत वाट पाहिली.

आता विधीबद्दल. साहित्याची यादी आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आली: काळे तीळ, जव, दर्भ, माका, तुळस, पांढरी फुलं, मध, दूध, तूप, गंध, केळीची पानं, आणि पिंडांसाठी शिजवलेला भात. दर्भ आणि माका त्या स्वतः आणतात, बाजारात शोधत बसावं लागत नाही. घरातल्या प्रत्येकासाठी छापलेली छोटी पोथी असते. मुलाने ती हातात घेऊन सगळं वाचलं, हे मला आवडलं. संस्कृत म्हणून झालं की लगेच त्याचा अर्थ मराठीत सांगतात, दोन वाक्यांत, प्रवचन करत नाहीत.

जानवं नसताना सव्य-अपसव्य, म्हणजे जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणं, कसं करायचं, हा माझा प्रश्न होता. काकूंनी उपरणं दिलं, आणि खांदा कधी बदलायचा ते हाताने खुणावून सांगत गेल्या. गोत्राचा प्रश्न त्यांनी सहज सोडवला. आईला तिच्या गोत्राने, म्हणजे बाबांच्या, बोलवायचं. माझ्यासाठी लग्नानंतरचं गोत्र म्हणा किंवा नुसतं "मी तिची मुलगी" म्हणा, दोन्ही चालेल. मी दुसरं म्हटलं. मुलीला अधिकार आहे का, हे सासूबाईंच्या मनात होतं. काकूंनी वाद घातला नाही. जुन्या ग्रंथांतल्या अधिकाऱ्यांच्या यादीतच मुलगा-नातू नसतील तिथे पत्नी आणि मुलगी येतात, एवढं शांतपणे सांगितलं. सासूबाईंना ते पुरलं. मला स्वतःला ग्रंथाच्या आधाराची गरज वाटत नव्हती. 1994 साली महाराष्ट्राने कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, मग घासभर भाताचा हक्क कुणाला विचारायचा? पण सासूबाईंना आधार हवा होता आणि तो त्यांना मानाने मिळाला. दोघींना एकाच पाटाशी सामावून घेणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ नावांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. आईच्या श्राद्धात आई, तिची सासू आणि तिची आजेसासू अशी तीन नावं घेतात. म्हणजे बाबांच्या घरातल्या बायका. आईच्या आईला परंपरेने जागा मिळते ती आजोबांच्या सोबतीने, "सपत्नीक" या एका शब्दात. मी काकूंना विचारलं, माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, नाव स्वतंत्र घेता येईल का? त्या म्हणाल्या, जरूर, तिच्या आईचंही घेऊ, शोधून ठेवा.

पुढचे दोन दिवस मी फोनवर होते. सांगलीच्या मावशीला विचारलं. आजीचं सासरचं नाव तिला ठाऊक होतं, माहेरचं आठवायला तिला वेळ लागला. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरी राहतं, आणि माहेरची माणसं संपली की कुणाकडेच राहत नाही. पणजीला सगळे "जिजी" म्हणायचे. जिजी हे काही नाव नव्हे, पण खरं नाव मावशीलाही माहीत नव्हतं. मामेभावाने जुन्या ट्रंकेतून एक खरेदीखत काढलं, त्यात पणजोबांचं, त्यांच्या वडिलांचं, साक्षीदारांचं, सगळ्यांचं नाव होतं, पणजीचं नव्हतं. चार पिढ्यांपूर्वीच्या पुरुषांची नावं कुलवृत्तांतात छापलेली मिळाली. ज्या बाईच्या हातचं खाऊन ते सगळे वाढले, तिचं नाव आमच्यापैकी एकाही घरात शिल्लक नाही. मी स्त्रीवादावर तरुणपणी खूप वाचलं होतं, पण ज्या दुपारी मावशी फोनवर म्हणाली, "अगं, आम्ही कधी विचारलंच नाही गं," ती दुपार मला त्या सगळ्या वाचनापेक्षा जड गेली.

काकूंना सांगितलं की नाव सापडलं नाही. त्या म्हणाल्या, "जिजी म्हणूनच बोलवा. तुमच्या घरात तिला याच नावाने हाक मारत होते ना?" आणि तसंच केलं.

पिंड मी केले. भात गरम होता, त्यात तीळ, मध, तूप. तो बोटांना चिकटत होता. काकू म्हणाल्या, लाडू वळताना हात ओला करतो तसा करा. मग छान वळले गेले. रोज कणीक मळणारे, भाकरी थापणारे हात आहेत हे, आणि त्याच हातांनी मी आईला घास ठेवला. पाणी सोडायचं ते अंगठा आणि तर्जनीच्या मधून, पितृतीर्थावरून. पहिल्यांदा माझ्या हातून ते मनगटावर ओघळलं. काकूंनी माझा हात धरून थोडा तिरका केला, आणि धार नीट पडायला लागली. आईचं नाव घेऊन तीन वेळा. दुसऱ्या वेळी माझा आवाज बसला. काकू घाई न करता थांबल्या, मुलाने ते नाव मोठ्याने म्हटलं, मग मी म्हटलं.

त्यानंतर ज्यांचं कुणी नाही, जे या जन्मीचे नातेवाईक नाहीत पण कुठल्यातरी जन्मी असतील, त्यांच्यासाठीही पाणी सोडायचा मंत्र आहे. तो परंपरेतलाच आहे, काकूंनी नव्याने घातलेला नाही. इतकी वर्षं हे घरात म्हटलं जात होतं आणि मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, कारण तेव्हा मी आत असायचे. आईला शेवटच्या आजारपणात सांभाळणाऱ्या आयाबाई मागच्या वर्षी वारल्या. मी मनात त्यांचं नाव घेतलं. कॉलेजातल्या मला हे सांगितलं असतं तर तिने नक्की वाद घातला असता, आणि तिला घालू दिला असता. पण माझ्यासाठी श्रद्धा म्हणजे आता हे आहे: कुणाकुणाचं देणं आहे ते नाव घेऊन, तोंडाने म्हणणं. पितर येऊन जेवतात का, हा प्रश्न माझ्या बाबतीत उघडाच आहे आणि तो उघडा ठेवून पाटावर बसता येतं, हे काकूंशी बोलून कळलं. त्यांनी मला काहीही मानायला लावलं नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली, वेळेची. काकूंना त्याच दिवशी पुढचं घर होतं, त्यामुळे शेवटचा भाग, आशीर्वाद आणि विसर्जन, भराभर झाला. सुरुवातीला इतक्या निगुतीने चाललेलं काम शेवटी घाईत उरकलं गेलं याचं वाईट वाटलं. पितृपक्षात दिवसाला एकच घर घेणं त्यांना परवडणार नाही हे समजतं, पण मग आधीच सांगावं, म्हणजे पाहुण्यांना अर्धा तास लवकर बोलावता येईल.

दुसरी तक्रार मोठी आहे. त्यांच्या छापील यादीत अजूनही लिहिलंय, "जेवायला एक ब्राह्मण, एक सुवासिनी." इतका विचार करणाऱ्या मंडळींच्या कागदावर हे का असावं? माझी आई बाबांच्या मागे अकरा वर्षं जगली. त्या अकरा वर्षांत तिला कितीतरी हळदीकुंकवांची बोलावणी आली नाहीत, आणि ती तसं न दाखवता त्या दिवशी मुद्दाम भाजी आणायला बाहेर जायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडसारख्या गावाच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याविरुद्ध ठराव केला आणि सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. मग शहरातल्या शिकलेल्या पुरोहितांची यादी का बदलू नये? मी काकूंना हे स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, यादी जुनी आहे, तुम्हाला ज्यांना जेवू घालावंसं वाटतं त्यांना बोलवा. मी आईच्या मैत्रिणीला बोलावलं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्या पहिल्या पंगतीला बसल्या, काकूंनीच त्यांना गंध लावलं. वागणं चांगलं होतं, पण कागदही बदलायला हवा, कारण जी नवी मुलगी ती यादी वाचेल ती कागदावरचंच करेल.

खर्चाचं: दक्षिणा 2,500 रुपये आणि रिक्षाभाडं. पोथ्यांचे पैसे वेगळे नाहीत. दक्षिणा त्या आधीच फोनवर सांगतात, शेवटी "तुमच्या इच्छेने" असा प्रकार नाही, मला ते फार बरं वाटलं. काकूंनी पैसे माझ्या हातून घेतले. ते पैसे माझ्याच खात्यातले होते, आईने ठेवलेल्या मुदतठेवीच्या व्याजातले.

ज्यांना बोलवायचं आहे त्यांनी एवढं करा. नावं आधीच शोधायला घ्या, विशेषतः आईकडच्या बायकांची, आणि ज्या म्हाताऱ्या आत्या-मावश्या आहेत त्यांना आजच फोन करा. स्वयंपाकाची जबाबदारी कुणाची ते तोंडी न ठेवता लिहून फ्रिजवर लावा. कावळ्याचं पान ठेवायला गच्चीची किल्ली वॉचमनकडून आदल्या दिवशी मागून घ्या, आमची त्या दिवशी मिळता मिळेना. आणि पुढचं घर आहे का ते काकूंना विचारा.

सासऱ्यांची तिथी माघात आहे. सासूबाईंनी स्वतःच सांगितलंय की या वेळी काकूंनाच बोलवा, आणि नवऱ्याबरोबर नणंदही बसेल. नणंद नाशिकहून आदल्या रात्री येईल. खीर कोण करणार हे अजून ठरायचं आहे, मी या वेळी वडे करीन म्हटलंय, कारण सासऱ्यांना माझ्या हातचे आवडायचे.